बहिणींच्या सह्या

फी आपण द्यायची आणि वकिलानं आपल्यालाच दाराबाहेर बसवायचं, हे बाबांना अजून पचलेलं नाही. सांगलीचं घर विकायला काढलं तेव्हाची ही गोष्ट. थोरल्या आत्याला घेऊन आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो होतो. घरातला आपला हिस्सा आत्या भावांना सोडते, अशा हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप होऊन तयार होता. आत्याच्या कापडी पिशवीत आधार, पॅन, दोन फोटो आणि वाटेत भूक लागली तर म्हणून आणलेले राजगिऱ्याचे लाडू होते. मसुदा वाचायचा, सही कुठे करायची ते बघायचं आणि जेवायच्या वेळेला घरी, असा आमचा सरळ हिशेब. वकीलबाईंनी आत्याला खुर्ची दिली, पंखा बारीक केला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही तिघं जरा बाहेर बसा. मला यांच्याशी एकट्यांशी बोलायचंय." बाबा, काका आणि मी. काकांना आधी वाटलं, चहा सांगायला पाठवताहेत. मग दार लागलं. बाहेरच्या बाकावर लाल फडक्यातले बस्ते सरकवून आम्ही जागा केली. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा आत्या मोठ्यानं हसली, तेव्हा बाबांनी काकांकडे बघितलं आणि काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

वकील नेमायचा हेच मुळात आमच्याकडे कुणाला मान्य नव्हतं. एजंट म्हणाला होता, "वकील कशाला? रजिस्टर ऑफिसच्या दारात आपला बाँड रायटर आहे, दोन-तीन हजारांत सगळं करून देतो." घर घेणारे डॉक्टर कर्ज काढणार होते, त्यामुळे बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेणारच होता, काकांचं म्हणणं, मग तोच आपलाही समजायचा. इथे भली भली शहाणी माणसं गाफील राहतात. फ्लॅट घेतानाही हेच ऐकू येतं, बँकेनं कर्ज दिलं म्हणजे टायटल क्लिअर असणारच. बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बघतो. बिल्डरचा वकील बिल्डरचं बघतो. एजंटला दलाली व्यवहार झाला तरच मिळते, त्यामुळे त्याला सगळ्याच मिळकती निर्वेध दिसतात. आपल्या बाजूनं शंका काढणारं कोणी नसतं. शेवटी बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं या बाईंचं नाव सुचवलं, "फी घेतात, पण फोन उचलतात" एवढ्याच शिफारशीवर. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलचीच मनाई आहे, दारावरची पाटीसुद्धा माफक हवी. त्यामुळे चांगला वकील अजून स्थळासारखा कुणाच्या तरी ओळखीतूनच सांगून येतो. सर्च, मसुदे, जाहीर नोटीस आणि नोंदणीला हजर राहणं धरून 40 हजार, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. काकांनी तो आकडा परत एकदा विचारून घेतला.

पहिल्या भेटीत त्यांनी कागदांना हातही लावला नाही. आधी विचारलं, "तुमच्या वडिलांनी हे घर कशातून घेतलं?" आणि त्याच्यामागोमाग, "बहिणी किती?" बाबा म्हणाले, "तीन. तिघींची लग्नं झालीत." लग्नाचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आजोबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. 1958 साली साठवलेल्या पैशांतून त्यांनी गणपती पेठेजवळच्या बोळात हे घर घेतलं. खाली रस्त्याला लागून एक गाळा, मागे न्हाणीघर आणि हौद, वर माडी. 1981 मध्ये ते गेले, मृत्युपत्र न करता. आजी 1996 मध्ये. घराचे कागद आजीच्या लग्नातल्या ट्रंकेत असायचे आणि ट्रंक खालच्या खोलीत, म्हणून 2019 च्या पुरात ती पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर बाबांनी एकेक पान सोडवून गच्चीवर विटांखाली वाळत घातलं होतं. मूळ खरेदीखत त्यातून वाचलं खरं, पण त्याच्या खालच्या कडेला कृष्णेच्या गाळाची तपकिरी रेघ आहे आणि तिसऱ्या पानावरची चतुःसीमा, म्हणजे घराच्या चार दिशांना काय आहे तो मजकूर, पूर्ण विरघळलेली. वकीलबाईंनी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची खरी नक्कल काढली. सर्च 30 वर्षांचा घ्यायची पद्धत आहे, कारण गहाण सोडवून घ्यायची मुदत 30 वर्षांची आणि 30 वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर कोर्ट तो खरा मानू शकतं. या बाई 30 वर्षांवर थांबल्या नाहीत, 1958 पर्यंत गेल्या. आणि वाटेत त्यांना शहरातल्या मिळकतींची नोंद ठेवणाऱ्या सिटी सर्व्हेच्या जुन्या फायलीत एक कागद सापडला.

1982 चं प्रतिज्ञापत्र. आजोबांच्या मागे वारसांची नावं लावण्यासाठी केलेलं. त्यात आजी, बाबा आणि काका यांची नावं, आणि खाली एक वाक्य: मयतास तीन मुली असून त्या लग्न होऊन सासरी सुखाने नांदत आहेत, सबब त्यांची नावे लावण्याची आवश्यकता नाही. खाली बाबांची सही. सत्ताविशीतली, शेवटच्या अक्षराला आकडा देणारी सही, जी ते आता करत नाहीत. शेजारी आजीची, जोडाक्षर फोडून केलेली. मी बाबांना विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? ते म्हणाले, "तिथला कारकून सांगायचा तसं सगळेच लिहायचे. छापीलच असायचं." ते खरंही असेल. महाराष्ट्रातल्या किती घरांच्या फायलींत तीनच्या जागी दोन किंवा पाच घातलं की हेच वाक्य निघेल, देव जाणे. मधली आत्या तेव्हा सासरी कशी नांदत होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यातल्या 'सुखाने' या शब्दावरून माझी नजर हलेना. बाबा त्या वयात काय जाणत होते आणि काय न जाणण्याची सवय त्यांना होती, ते मला नक्की सांगता येणार नाही. तोच माणूस मला शिकायला पुण्याला ठेवताना भावकीशी भांडला होता.

काकांचा मुद्दा तयार होता. "मुलींना हक्क 2005 ला आला. आमचे आईवडील त्याच्या आधीच गेलेत." हे मी लग्नकार्यात, रेल्वेत, अगदी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शाळेतल्यासारखं समजावलं. 2005 ची दुरुस्ती, त्याआधीची महाराष्ट्राची 1994 ची दुरुस्ती, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हे सगळं वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलींच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल. आजोबांनी नोकरीच्या पगारातून घेतलेलं घर स्वकष्टार्जित. त्याचा मालक मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, विधवा यांचे हिस्से सारखे. म्हणजे 1981 मध्ये सहा वाटे झाले, आजी गेल्यावर तिचा वाटा पाचही मुलांत गेला, आणि आज घराचे सरळ पाच हिस्से. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, आणि नाव आहे म्हणून पुरा मालक होत नाही. काका म्हणाले, "मग इतकी वर्षं त्या बोलल्या का नाहीत?" त्यावर बाईंनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. त्याच 1956 च्या कायद्यात एक 23 वं कलम होतं. राहत्या घरात मुलीला हिस्सा आहे, पण मुलगे आपसात वाटणी करायचं ठरवीपर्यंत तिनं वाटणी मागायची नाही. फार तर ती लग्नाची राहिलेली, टाकलेली किंवा विधवा असेल तर येऊन राहावं. हे कलम गेलं ते 2005 ला.

तोवर आत्या साठीच्या घरात आल्या होत्या.

याच घराच्या खालच्या गाळ्याची कथा वेगळी, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. गाळ्यात शिलाईचं दुकान. आजोबांच्या वेळचे शिंपीकाका जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा बसतो. भाडं महिन्याला 340 रुपये, पावती अजून शिंपीकाकांच्याच नावे. कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, पण आजीनं कधी वाढवलं नाही आणि नंतर बाबांना मागायची लाज वाटली. डॉक्टरांना जागा मोकळी हवी होती. घर विकलं म्हणून भाडेकरू जात नाही, तो नव्या मालकाचा भाडेकरू होतो. वडिलांबरोबर धंद्यात असलेल्या मुलाला त्यांच्यामागे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ताबा सोडण्यासाठी त्यानं मोबदला घेणं याच कायद्यानं रीतसर केलंय. वकीलबाईंनी त्याला बोलावलं, त्यानं स्वतःचा वकील आणला, दोन बैठकांत आकडा ठरला. आकडा लाखांत होता. काकांनी हूं की चूं केलं नाही. उलट म्हणाले, "पोरगा सरळ आहे, जास्त ताणलं नाही." महिना 340 रुपये देणाऱ्याला लाख द्यायचे ही व्यवहाराची गोष्ट होती, सगळ्यांना समजली. त्याच घरात जन्मलेल्या तीन बहिणींच्या सह्यांसाठी मात्र काकूंनी आधीच इरकली साड्या आणून ठेवल्या होत्या. एकेक चांगली होती, हे सांगायला हवं. मोरपिशी तर मलाच आवडली होती.

मधल्यामध्ये स्थानिक पेपरात जाहीर नोटीस आली. तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाच्या मिळकतीत कोणाचा वारसा, गहाण, दान, पोटगी वगैरे हक्क वा हितसंबंध असल्यास 14 दिवसांत कागदपत्रांनिशी कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. असं कुणाच्या समजण्यानं हक्क सुटत नसतो. नोटिशीचा खरा उपयोग चौकशी केल्याचा पुरावा म्हणून. आमच्याकडे तिचा उपयोग असा झाला की इचलकरंजीच्या मावसआजीनं ती वाचली आणि सगळ्या नातेवाइकांना फोन केले. दोन दिवस बाबांचा फोन खणखणत होता. सगळ्यांचा प्रश्न एकच, बहिणींना विचारलंत का?

तर आम्ही बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि आत्या पदर सावरत बाहेर आली. "चला," म्हणाली. सही त्या दिवशी झालीच नाही. वकीलबाईंनी तिला चार दिवस विचार करायला सांगितलं होतं आणि वाटलं तर दुसऱ्या एखाद्या वकिलाला दाखवा, असंही. रिक्षात बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी अवघडून बसले, काका मागून स्कूटरवर. आत्यानं लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि आपण होऊन सांगायला लागली. "बाई चांगली आहे. म्हणाली, पाचवा हिस्सा तुमचा आहे, आजच्या भावानं एवढे पैसे होतात. सही केलीच पाहिजे असं नाही. भावांना सांगायला संकोच वाटत असेल तर मी सांगते. मला हसूच आलं. म्हटलं, मला ठाऊक आहे की. आईनं त्या कागदावर सही केली तेव्हा मी तिथंच होते, बाळंतपणाला माहेरी आले होते." मी विचारलं, मग सोडतेस कशाला? ती बाबांच्या पाठीकडे बघून म्हणाली, "मला काय कमी आहे?" मग थोड्या वेळानं हळूच, "आणि भांडून येणार कुठं?" दोन्ही उत्तरं खरी होती. पहिलं बाबांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं दिलेलं होतं.

नंतर कधीतरी मी एकटीच कागद आणायला गेले तेव्हा वकीलबाईंना म्हटलं, तुम्ही त्या दिवशी फार चांगलं केलंत. त्यांनी स्टेपलरमधून मान वर केली नाही. "चांगलं-बिंगलं काही नाही. वयस्कर बाई, सातवी शिकलेली, कागद लिहून घेणार तिचेच भाऊ. उद्या तिचा मुलगा कोर्टात गेला की आईला काही समजलंच नव्हतं, तर तिला समजलं होतं हे दाखवायचं तुमच्या वडिलांच्या गळ्यात येतं. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं दावा लावता येतो. आणि खरेदीखतात तुम्ही लिहून देणार, की कोणी हरकत घेतली तर पदरखर्चानं निवारू, घेणाऱ्यांना तोशीस लागू देणार नाही. मी तुमचंच काम करत होते." मी जरा हिरमुसले. मला ते न्यायाखातर झालेलं हवं होतं आणि ते टायटलखातर झालेलं निघालं. पण घरात 40 वर्षं न्यायाखातर कुणी दार लावून आत्याला एकटीला काही विचारलं नव्हतं, मी धरून. तेव्हा तक्रार कुणाबद्दल करायची?

धाकटी आत्या बेळगावला असते. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, स्वतःचा फोन स्वतः वापरणारी, बोलायला तिखट. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी सही करावी म्हणून मुखत्यारपत्र करावं असं काका म्हणत होते. ती म्हणाली, मी येते, मला पाय आहेत. वकीलबाईंनी पुन्हा आम्हाला बाहेर काढलं. या वेळी दार पाचच मिनिटांत उघडलं. "मला माझा हिस्सा पाहिजे," ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. "साडी नको, माझ्याकडे आहेत." काकांनी बरंच काही बोलून बघितलं. लग्नाचा खर्च काढला, आजीचं आजारपण कुणी केलं ते काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिंप्याला किती देताय?" मधल्या आत्याची मुलं तर या सगळ्यात पडलीच नाहीत. एक नागपूरला, एक दुबईत. आत्या आणि तिचे यजमान दोघंही आता नाहीत. आमच्या आईचा पाचवा भाग आम्हा दोघांच्या खात्यावर अर्धा-अर्धा टाका, असा मेसेज आला, दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र कुरिअरनं आलं, आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा म्हणून वकीलबाईंचा कारकून पळाला. त्या पिढीला यात भावनेचं काही दिसलं नाही आणि मला त्यांचा हेवा वाटला. कारण धाकट्या आत्याचं म्हणणं ऐकून मला मनातून आनंद झाला होता, आणि त्याच मनानं गणितही मांडलं होतं. बाबांचा हिस्सा अर्ध्यावरून तीन दशांशावर आला, तर पुढे मागे माझ्या आणि दादाच्या वाट्याला किती? उत्तर येईपर्यंत मी थांबले, हेही लिहून ठेवते.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात ही गर्दी. एका खिडकीवर लग्नाचं जोडपं, दुसरीवर शेतजमिनीचे दहा खातेदार, कोपऱ्यात जुन्या दस्तांचा ओलसर वास. थोरल्या आत्याच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. कारकुनानं ओला रुमाल दिला, पुसून परत, मग दुसरं बोट. तिचं हक्कसोडपत्र राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं, कोणताही मोबदला न घेता, भावांच्या लाभात झालं. घराचा भाव कितीही असो, भावाबहिणीतल्या या दस्ताला मुद्रांक काहीशे रुपयांचाच लागतो. मग खरेदीखत. त्यात धाकटी आत्या भावांच्या बरोबरीनं लिहून देणार. तिनं पिशवीतून चष्मा काढला, दस्त मागितला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. एजंट घड्याळ बघत होता, डॉक्टर हसत होते. चौथ्या पानावर तिनं पेनाचं टोक ठेवलं. "पूर्वेस रस्ता म्हटलंय. रस्ता पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन हौदावर यायचं." वकीलबाई पटकन उठून आल्या. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम खरंच उलटी पडली होती. नोंदणी झाल्यावर लक्षात आलं असतं तर वेगळं चूकदुरुस्तीपत्र, परत सगळ्यांच्या सह्या, परत दुबई. पान बदलून आणेपर्यंत आमचा नंबर गेला आणि जेवणाची सुट्टी झाली. बाबा तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "हौदाचं बरं आठवलं तुला." ती म्हणाली, "पाणी मीच भरायचे." दुपारी ओळखीचे दोघं म्हणून वकीलबाईंचा कारकून आणि त्याचा मित्र उभे राहिले, दस्त करून देणार यांना ते व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात, असं स्क्रीनवर आलं. कारकुनानं तिला पहिल्यांदा पाहिलं होतं ते बेळगावहून आली त्या दिवशी, ऑफिसात.

पैसे ज्याचे त्याच्या खात्यावर गेले. काका धाकट्या आत्याशी बोलत नाहीत. भाऊबिजेला ती आली तेव्हा गावाला गेले होते. साड्या काकूंनी वाटून टाकल्या, मोरपिशी माझ्याकडे आहे. वकीलबाईंच्या फीचा मात्र घोळ झाला. ठरलं होतं दोघा भावांनी अर्धी-अर्धी द्यायची. काकांनी त्यांची अर्धी दिलीच नाही. म्हणाले, "ती बाई तुझ्या बहिणींची वकील होती, माझी नव्हे. त्यांच्याकडून घे." बाबांनी निमूट पूर्ण भरली आणि कुणाला सांगितलं नाही. धाकट्या आत्याला ते कुठून कळलं माहीत नाही, बहुधा माझ्याकडूनच कळलं. तिनं मला फोन करून एकच विचारलं, फी एकूण किती? संध्याकाळी बाबांच्या फोनवर बेळगावहून 8 हजार रुपये आले, आणि पाठोपाठ मेसेज, की वकिलीणबाईंची पावती माझ्या नावानंही मिळते का ते विचार.